पेणचा पास्ता

आमच्या आळीत कोणाचं काही बरं झालं, तर ती बातमी सगळ्यात आधी सुचिताच्या तोंडावर छापून येते. माझी ओटी तिच्या फाटकासमोर. सकाळी चहाचा कप घेऊन बसलं की वाचता येते. ती अंगण झाडताना झाडू जोरात आपटत असली, तर कोणाच्या तरी मुलाला नोकरी लागली असं धरून चालावं. तुळशीला पाणी घालून झाल्यावर तांब्याही आपटला, तर नोकरी सरकारी.

बाई वाईट नाही हो. साठीला आली, पण आळीत कोणी आजारी पडलं की पेजेचं भांडं पहिलं तिच्याकडून जातं. फक्त जळते. आणि जळायला तिला मोठं कारण लागत नाही. तिची धाकटी जाऊ मृणाल अपेंडिक्सच्या ऑपरेशनला अलिबागला पडली होती, तेव्हा तिला भेटायला एका दिवसात सतरा माणसं आली. सुचिता डबा घेऊन गेली, माणसं बघून आली, आणि परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "मला टायफॉइड झाला होता तेव्हा किती आली होती?" अजित बिचारा म्हणाला, "पाच-सहा असतील." त्यावर तीन दिवस त्या घरात नुसता आमटी-भात होता.

सुचिता माणगावकडची. बाप भातशेतीवाला. लग्न होऊन आमच्या नागावात आली तोवर तिने नारळ देवळात आणि वाण्याकडेच पाहिलेला. पहिल्या आठवड्यात वाडीत नारळ पडला की ती दचकून "कोण ते?" म्हणून ओरडायची, आणि आम्ही पोरंटोरं मुद्दाम दगड टाकायचो. म्हणजे मी तेव्हाच तिशीच्या पुढे होतो, पण ते असो. सासूने, आवडाबाईंनी, तिला वाडीतलं सगळं शिकवलं. स्वयंपाक मात्र ती माहेराहूनच शिकून आली होती, आणि तो शिकवण्यासारखा होता, शिकण्यासारखा नव्हता. त्या हाताच्या जोरावर बारा वर्षांपूर्वी तिनेच आळीत पहिल्यांदा पाहुणे ठेवले. मागच्या दोन खोल्यांना न्हाणीघर जोडलं, फाटकावर पाटी लावली: शुद्ध शाकाहारी घरगुती जेवण. लोक हसले. समुद्रकाठच्या गावात येऊन वालाचं बिरडं कोण खाणार? मुलुंड-घाटकोपरचे लोक खायला लागले. आज आळीत अकरा पाट्या आहेत.

त्यातली एक पाटी मृणालची, आणि ती सुचिताच्या पाटीपेक्षा मोठी. भाऊ वेगळे झाले तेव्हा वाडीच्या मधोमध मेंदीचं कुंपण आलं. विहीर एकच राहिली आणि सासू एकच राहिली. विहिरीच्या वेळा ठरवून घेतल्या. सासूच्या काही ठरवता आल्या नाहीत. ब्याऐंशी वर्षांच्या आवडाबाई सकाळचा चहा इकडे पितात, दुपारी तिकडे जेवतात, आणि इकडचं तिकडे सांगायला त्यांना कुठल्याही वेळेचं बंधन नाही.

मागच्या दिवाळीत मृणालने ओव्हन आणला. पाहुण्यांना बेक्ड पास्ता करून घालायला लागली. पाहुणे त्याचे फोटो काढायचे, फोनवर टाकायचे, खाली लिहायचे: समुद्र ठीक, पास्ता अप्रतिम. सुचिता चष्मा लावून ते सगळं वाचायची. "समुद्राला ठीक म्हणतात," ती मला म्हणाली होती, "ह्यांच्या जिभेला काय चव असणार?"

एवढं सगळं सांगितलं, कारण त्याशिवाय त्या सोमवारच्या फोनचा अर्थ कळणार नाही.

डिसेंबरचा दुसरा सोमवार. फोन मुलुंडच्या पूर्वीबेनचा. पूर्वीबेन, तिचा नवरा विपुल, मुलगी केसर आणि दिराकडची तिघं, अशी सहा माणसं गेली नऊ वर्षं दर डिसेंबरला सुचिताकडे येतात. सुचिताच्या लेखी ते पाहुणे नाहीत, पदक आहे. फोन ती अंगणात घेते आणि स्पीकरवर घेते, त्यामुळे मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये.

"सुचिताबेन, शनिवारी येतो आम्ही हां. त्याच दोन खोल्या."

"या, या. मोदक करते, बिरडं करते, तुमच्या विपुलभाईंना फणसाची—"

"ते तर पाहिजेच. पण एक वात सांगू? मुलं ऐकत नाहीत. तुमच्या बाजूला तो बेक्ड पास्ता मिळतो ना, त्याचे फोटो बघून बसलीत. तर शनिवारी संध्याकाळचं जेवण आम्ही तिकडे घेतो. राहणार तुमच्याकडेच! वाईट नाय वाटून घ्यायचं."

सुचिता हसली. मी ते हसू पाहिलं. दाढ काढायला बसलेला माणूस डॉक्टरकडे बघून हसतो तसं होतं.

"वाईट कशाला वाटेल? फक्त सांगून ठेवते, तिच्या त्या पेटीत बांगडेपण भाजतात."

साफ खोटं. मृणालच्या ओव्हनने आजवर माशाचं शेपूट पाहिलेलं नाही.

"असं? पण लिहिलंय तर प्युअर व्हेज."

"लिहिणारे काय लिहितात. आणि पास्ताच हवा तर तिकडे कशाला? मी करते की."

"तुम्ही करता? बेक्ड?"

"बेकच करते. दुसरा आमच्याकडे कोणाला आवडतच नाही."

फोन ठेवला. पायरीवर बसून सुपारी कातरणारा अजित तोंड उघडून बघत होता. थळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला तोंड उघडायचं काम उरलंय, बोलायचं नाही. तरी तो बोलला.

"अगं, तू कधी केलास पास्ता?"

"तुम्ही गप्प बसा."

गप्प बसण्यासारखंच होतं. सुचिताचं गणित सरळ होतं. पूर्वीबेन एकदा कुंपणापलीकडे जेवायला गेली, की पुढच्या डिसेंबरात उतरायलाही तिकडेच जाणार. नऊ वर्षांचं माणूस एका ताटलीपायी जाणार. आणि हातात दिवस पाच.

मृणालला विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण मृणालला विचारण्यापेक्षा सुचिताने समुद्रात पाऊल टाकून इटलीची दिशा धरली असती. तिने सासूला कामाला लावलं.

"आई, तिकडे जेवायला जाल तेव्हा बघून या ना, ती पास्ता कसा करते."

"मला काय ठाव? मी खाते," आवडाबाई म्हणाल्या.

"खाताना बघा. कुठला आणते तेवढं तरी विचारा."

मंगळवारी दुपारी आवडाबाई पोट भरून आणि बातमी घेऊन परतल्या. सुचिता फाटकातच उभी होती.

"नळ्या हायत," आवडाबाई म्हणाल्या. "तिरक्या कापलेल्या. मी इचारलं, कुठला गं ह्यो? तर म्हनली, पेने. म्हनली, मी पेनेच आनते, दुसरा बरा लागत न्हाय."

"पेणचा?"

"व्हय तर. पेनचा."

आता आवडाबाईंच्या जिभेला 'ण' कधी जमलाच नाही. त्यांचं पाणी पानी असतं आणि पेण पेन असतं, जन्मापासून. सुचिताला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसलं नाही. गणपती पेणहून येतात, पोहे पेणहून येतात, पापड-मिरगुंडं पेणहून येतात. एखादा पास्ता यायला काय हरकत आहे?

"बघा!" सुचिता अजितला म्हणाली. "म्हणे इटालियन, इटालियन! आणि आणते पेणहून. आणि आपल्याला पत्ता नाही लागू दिला. उद्याच्या पहिल्या एसटीने जा."

अजित बुधवारी पेणला गेला. तिथे काय झालं ते त्याने मला संध्याकाळी सांगितलं, आणि तोवर घरात जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, त्यामुळे बिचारा आवाज खाली ठेवून सांगत होता.

बाजारात तो पापडांच्या एका दुकानात शिरला. गल्ल्यावर नीराबाई नावाची भक्कम बाई.

"पास्ता आहे का? पेणचा?"

"पास्ता न्हाय ओ. पापड हायत, कुरडया हायत, फेण्या हायत."

"नळीसारखा असतो. तिरका कापलेला."

"मग असं सांगा ना, नळ्या! अवो, आमच्यासारख्या नळ्या अख्ख्या रायगडात न्हाईत. किती देऊ?"

नीराबाईंनी दोन किलो मोजल्या. पिवळट, कडक, बोटाएवढ्या, टोकाला तिरक्या. अजितने मृणालकडच्या पास्त्याचा फोटो फोनवर उघडला आणि नळीशी ताडून पाहिला. हुबेहूब. निघताना नीराबाई काहीतरी म्हणाली, पण एसटी लागली होती. ती म्हणाली होती, "तेल कडकडीत ठेवा, भसकन फुलतात."

सुचिताने त्या उकडल्या.

पहिली पाच मिनिटं सगळं छान होतं. नळ्या फुगल्या, मऊ झाल्या, सुचिता खूश झाली. सहाव्या मिनिटाला नळ्यांची भोकं बुजली. दहाव्या मिनिटाला नळ्या राहिल्या नाहीत. पातेल्यात पिवळी, चिकट, बुडबुडे काढणारी खळ राहिली, आणि त्यात पळी उभी केली तर उभीच राहायची. आवडाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुचिते, ह्यात माजी इरकली घाल गं. लय दिसांत खळ न्हाय मिळाली तिला."

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ फोन आला. सुचिताची मुलगी मानसी खारघरला असते. तिने पातेलं पाहिलं, दोन किलोची पिशवी पाहिली, बापाचं तोंड पाहिलं, आणि खुर्चीवरून पडायची राहिली.

"आई! पेने! पेण नाही, पेने! त्या आकाराचं नाव आहे ते. इटालियनमध्ये पेन्ना म्हणजे लिहायचं पेन, त्याच्या टोकासारखा आकार."

"म्हणजे माझी आई बरोबर बोलली," अजित म्हणाला. "पेनच म्हणाली ती."

"तुम्ही गप्प बसा."

"अगं पण काकूला विचार ना, ती शेजारीच तर—"

सुचिताने फोन कापला. मग पाच मिनिटांनी स्वतःच लावला, आणि "काकूचं नाव काढणार नसशील तर सांग" अशी अट घालून वही-पेन घेऊन बसली.

आता इथे मला तिची बाजू घ्यायला हवी. जळणारी माणसं पुष्कळ असतात, पण बहुतेक नुसती बसून जळतात. सुचिता उठते, कामाला लागते. गुरुवारी सकाळी अजित अलिबागहून खरा पेने घेऊन आला, चीज आणलं, मैदा, लोणी, मका, ढोबळी मिरची. मानसीने पांढरा सॉस सांगितला: लोण्यावर मैदा भाज, मग दूध घाल. सुचिता म्हणाली, "म्हणजे दुधातलं पिठलं." पहिल्या वेळी त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी तिने ताकाची रवी पातेल्यात घातली आणि दोन्ही तळव्यांत अशी फिरवली, की गुठळी औषधालाही सापडली नाही. मानसी म्हणाली, वरून ओरेगानो हवा. सुचिताने एक पुडी फोडून हुंगली, डोळे बारीक केले, आणि मागच्या दारी जाऊन ओव्याची दोन पानं खुडून आणली. ती मांसल, लवदार पानं असतात ना, ज्यांची आपण भजी करतो, ती. "हुंगून बघा," ती मला म्हणाली. मी पुडी हुंगली, पान हुंगलं. दोघं एकाच घरातली. पान थोरलं.

राहिला ओव्हन. मानसी म्हणाली, कढईत मीठ तापवून त्यात ठेव. सुचिताने तो सल्ला बाजूला सारला. तिच्या माहेरी काकडीचं धोंडस, आपला चुलीवरचा केक, करतात ते कशात करतात? जाड लंगडीत, म्हणजे पसरट बुडाच्या भांड्यात, चुलीवर खाली निखारे, वर परातीत निखारे. खाली-वर विस्तव. नागावात करवंट्यांना काय तोटा? शुक्रवारी दुपारी तिने मागच्या अंगणात चूल मांडून नमुन्याचा पास्ता केला आणि मला बोलावलं. वर चीज असं तांबूस झालं होतं, कडेला कुरकुरीत, आत लुसलुशीत, ओव्याचा वास आणि करवंटीच्या धुराची जराशी पुसट चव. मी दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा ताटली पुढे केली. सुचिताने ताटलीकडे पाहिलं नाही, कुंपणाकडे पाहिलं.

"वारा तिकडे जातोय ना?" ती म्हणाली.

शनिवारी दुपारी पूर्वीबेन आणि मंडळी आली. मृणालकडेही पुण्याच्या आठ मैत्रिणींचा घोळका उतरला होता, खास पास्त्यासाठी आलेला. त्यांच्यातली कल्पिता नावाची बाई आल्या आल्या मृणालच्या स्वयंपाकघराचे फोटो काढत होती, आणि सुचिता सगळं कुंपणातून बघत होती.

चार वाजता आळीची वीज गेली.

सुचिताला पंधरा मिनिटं त्याचं काहीच वाटलं नाही. मग पलीकडून मृणालचा आवाज आला, "इन्व्हर्टरवर पंखे चालतात गं, ओव्हन कसा चालेल?" सुचिता तेव्हा करवंट्या पेटवत होती. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी ती दहा वर्षांनी लहान दिसली.

साडेपाचला मृणाल कुंपणाशी आली. अंगावर एप्रन, केस विस्कटलेले. इकडे ओट्यावर पूर्वीबेन, विपुलभाई आणि मी चहा घेत बसलेलो.

"वहिनी, विस्तव आहे ना तुमच्याकडे?"

"काय?"

"विस्तव."

"काय म्हणालीस? फुंकते आहे ना, ऐकू येत नाही."

"विस्तव, वहिनी! माझा पास्ता भाजून द्याल का?"

हे सगळ्या अंगणाने ऐकलं, पूर्वीबेनने ऐकलं, मी ऐकलं. सुचिताने पदराने घाम टिपला. नाही म्हणायची संधी तिला होती. पण नाही म्हटलं असतं तर गंमत तिथेच संपली असती. पूर्वीबेनच्या देखत मृणाल हात पसरून उभी होती, आणि हे सुख जरा वेळ पुरवायला हवं होतं.

"आण की," ती म्हणाली. "पण ते तुझं काचेचं भांडं माझ्या विस्तवावर तडकेल. ही घे माझी दुसरी लंगडी, ह्यात भर."

दोन्ही लंगड्या सारख्या, एकाच वेळी घेतलेल्या, परातींसकट. एकीत सुचिताचा पास्ता, दुसरीत मृणालचा. दोन चुली शेजारी शेजारी. वर-खाली निखारे. अर्धा तास सुचिता दोन्ही चुलींच्या मध्ये पाटावर बसून होती, आणि मी नजर ठेवून होतो. तिने मृणालच्या लंगडीला काही केलं नाही. दोन्हींचे निखारे सारखे सारले. एकदा तर मृणालच्या परातीवरचा विझत आलेला निखारा तिने बदललासुद्धा. मला जरा निराशाच झाली.

शेवटी निखारे झाडले, आणि सुचिता हात धुवायला उठता उठता अजितला म्हणाली, "डावीकडची आपली. उजवीकडची तिला देऊन या."

अजित समोरून आला. चुलींच्या पलीकडून. त्याने डावीकडची उचलली. त्याच्या डावीकडची.

पानं मांडली. सहा माणसं बसली. पूर्वीबेनने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि हात वर करून बोटांनी 'उत्तम' अशी खूण केली.

"सुचिताबेन! आ तो जोरदार! असा पास्ता मी जिंदगीत खाल्ला नाय!"

केसर म्हणाली, "मम्मी, फोटोवाल्या पास्त्यापेक्षा पण भारी आहे!"

सुचिताने आनंदाने वाढपाच्या चमच्याला लागलेलं चाटलं आणि तिचा चेहरा थांबला. चीज जास्त होतं. लसूण होता. ओवा नव्हता.

ती तशीच उभी, हातात चमचा. समोर नऊ वर्षांचे पाहुणे मृणालचा पास्ता खाऊन बोटं चाटताहेत आणि तिचं नाव घेताहेत. विपुलभाईंनी तिसऱ्यांदा घेतला. प्रत्येक वेळी कोणी वा म्हटलं, की सुचिता थोडी वाकायची, जशी पाठीत कोणी टाचणी टोचतंय. पण बोलली नाही. शनिवारची संध्याकाळ तिने जिंकली होती, पूर्वीबेन तिच्याच ओसरीवर जेवली होती, आणि पास्ता कोणाचा हे फक्त तिला माहीत होतं. आणि मला. मी लंगड्या उचललेल्या पाहिल्या होत्या.

मग मी का नाही सांगितलं? अहो, तेव्हा सांगितलं असतं तर रविवार कसा बघायला मिळाला असता?

रविवारी दहाच्या सुमाराला मी मुद्दाम चप्पल घालून सुचिताच्या अंगणात जाऊन बसलो. ती पूर्वीबेनला नारळ सोलून पिशवीत भरून देत होती. कुंपणापलीकडे मृणाल आणि ती पुण्याची कल्पिता उभ्या होत्या.

"मृणालताई, एक सांगा ना," कल्पिता म्हणाली. "कालच्या पास्त्यात पान कसलं होतं? ओरेगानो नक्कीच नव्हता, ताजं काहीतरी होतं. आम्ही रात्रभर त्याच्यावरच बोलत होतो. असा पास्ता पुण्यात कुठे नाही."

मृणाल क्षणभर गोंधळली. तिने पान घातलंच नव्हतं. "पान नव्हतं" एवढं म्हणाली असती तर आजही सगळं झाकलेलं राहिलं असतं. पण समोर कोणी कौतुक घेऊन उभं असलं की ते परत पाठवणारी मृणालही नाही. तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "ते आमचं सिक्रेट आहे."

सुचिताच्या हातातून कोयता खाली पडला. नशीब, पायावर नाही.

तिने पूर्वीबेनकडे पाहिलं. पूर्वीबेन तिच्याकडे बघून प्रेमाने हसत होती. गप्प राहिली तर पूर्वीबेन तिची. बोलली तर काल पूर्वीबेनने कोणाच्या हातचं खाल्लं ते उघडं पडणार. सुचिताचे ओठ हलले, मिटले, परत हलले. तिकडे कल्पिता म्हणाली, "तुमच्या हाताला खरंच जादू आहे."

"ओव्याचं पान आहे ते!" सुचिता ओरडली. "माझ्या परसातलं! सिक्रेट म्हणे! आणि पास्ताही माझाच होता!"

मग पूर्वीबेनने सावकाश विचारलं, "पण सुचिताबेन, मग आम्ही काल कोणाचा खाल्ला?"

मृणालच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, तसं मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "म्हणजे माझा तुमच्याकडे गेला? पूर्वीबेननी माझा खाल्ला? काय म्हणाल्या त्या, वहिनी?"

"काही नाही म्हणाल्या."

"मम्मी म्हणाली जिंदगीत असा खाल्ला नाय," केसर म्हणाली. मुलं शाळेत काय शिकतात कोण जाणे.

"आणि हे सगळं तुम्हाला कालच माहीत होतं, वहिनी?"

"तुला कळायला नको होतं का? पान घातलं नाहीस, आणि सिक्रेट घेऊन बसलीस!"

"तुम्हीही तर वा वा घेऊन बसला होतात!"

"डावीकडची म्हटलं होतं मी!" सुचिता अजितकडे वळली.

"डावीकडचीच आणली," अजित म्हणाला.

"माझी डावी!"

"मग तसं सांगायचं," तो म्हणाला, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिला यावर "गप्प बसा" म्हणणं सुचलं नाही.

एवढं झाल्यावर पूर्वीबेनने जे केलं ते रीतीला धरूनच होतं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग मला तिचे आभार तर मानायला पाहिजेत." आणि फाटकातून बाहेर पडून मृणालच्या फाटकातून आत गेली. मृणालने चहा टाकला. सुचिता नारळांची पिशवी हातात धरून आपल्या फाटकात उभी राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पिशवी जड होती, पण तिने ती खाली ठेवली नाही. आवडाबाईंनी आतून विचारलं, "गेली का गं ती बया तिकडं?" मी तोवर मृणालच्या ओट्यावर पोचलो होतो. रविवारी तिच्याकडे चहाबरोबर नानकटाई असते.

पंचवीस मिनिटांनी पूर्वीबेन सुचिताकडे परत गेली. सुचिताने पिशवी दिली. शेवटी न राहवून म्हणाली, "मग?"

"मग काय! पुढच्या डिसेंबरला त्याच दोन खोल्या ठेवायच्या हां. दहावं वर्ष आहे आपलं. दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाय."

सुचिताचा चेहरा असा फुलला, की मला लांबून वाचता आला. गाडी गेली तरी ती रस्त्याकडे हात करत उभी होती. संध्याकाळी तिने आळीत सगळ्यांना मोदक वाटले, मृणालकडेही पाठवले, आणि पाठवताना आवडाबाईंना बजावलं, "सांगा तिला, पूर्वीबेनने खोल्या सांगून ठेवल्यात."

ते ऐकून मृणाल गालात हसली म्हणे. का हसली, ते मला ठाऊक आहे. ती पंचवीस मिनिटं मी तिथेच होतो. पहिल्या कपाला पूर्वीबेन मृणालला म्हणाली होती, "पुढच्या डिसेंबरला संध्याकाळची सगळी जेवणं तुमच्याकडे हां. सुचिताबेनला आताच सांगू नका, मनाला लावून घेते ती."

आठवडा झाला. सुचिताला खोल्यांचं माहीत आहे, जेवणाचं नाही. रोज सकाळी ती गाणं म्हणत अंगण झाडते, तुळशीला हळूच पाणी घालते. मृणाल कुंपणापलीकडून गप्प बघते. आणि मी चहाचा कप हातात घेऊन ओटीवर बसतो, दोघींना राम राम करतो, आणि जीभ दाताखाली धरून ठेवतो. डिसेंबर यायला अजून अकरा महिने आणि वर काही दिवस आहेत. इतकं माझ्याने होईल असं काही वाटत नाही.